हवाई सुरक्षेचे नियम आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान अपघाताची बातमी आली की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं लोक यंत्रात शोधतात. मला ती जास्त करून जुन्या अपघातांच्या अहवालांत सापडली. हे अहवाल वाचायची एकदा खोड लागली की एक गोष्ट सारखी टोचत राहते: काहीतरी बिघडलंय हे बहुतेक वेळा कुणाला तरी आधीच कळलेलं असतं. ते योग्य माणसापर्यंत पोचलेलं नसतं, एवढंच. खालच्या उत्तरांत ही गोष्ट वारंवार भेटेल.

उड्डाणावर पहिला नियम कधी आला?

विमानाच्या कितीतरी आधी. १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा माणसं घेऊन पॅरिसवरून उडाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलिसांनी परवानगीशिवाय फुगे सोडायला बंदी केली. पेटती शेगडी लटकवलेला फुगा कुणाच्या छपरावर उतरला तर काय, ही भीती अगदी रास्त होती.

विमानांसाठीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार १९१९ चा, तोही पॅरिसचाच. विमानाची नोंदणी कुठल्यातरी एका देशात हवी, त्याच्या अंगावर ओळखचिन्ह हवं, ते उडण्यायोग्य असल्याचा दाखला हवा आणि वैमानिकाकडे परवाना हवा, हे सगळं तिथे ठरलं. आजच्या व्यवस्थेचा सांगाडा तोच आहे.

आकाश समुद्रासारखं सगळ्यांना खुलं का ठेवलं नाही?

ठेवावं असं म्हणणारे कायदेपंडित होते. पहिल्या महायुद्धात वरून बॉम्ब पडू लागले आणि तो वाद तिथेच मिटला. आपल्या भूमीवरच्या हवेवर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता, हे तत्त्व १९१९ मध्ये मान्य झालं आणि १९४४ च्या शिकागो कराराचं ते पहिलंच कलम आहे. दोन देशांचं बिनसलं की विमानांना लांबचा वळसा पडतो, त्याचं मूळ हे.

आयकाओ म्हणजे विमानांचं जागतिक पोलीस खातं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, शिकागोत ५२ देशांनी करारावर सह्या केल्या. त्यातून ४ एप्रिल १९४७ रोजी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, उभी राहिली. मुख्यालय माँट्रियलला, सदस्य देश १९३. कराराला १९ परिशिष्टं आहेत. वैमानिकाच्या परवान्यापासून धावपट्टीवरच्या दिव्यांपर्यंत सगळं त्यांत येतं.

पण आयकाओ कुणाला दंड करू शकत नाही, कुणाचं विमान जमिनीवर बसवू शकत नाही. एखादा नियम पाळणं जमत नसेल तर देशाने तसं कळवायचं, अशी कलम ३८ मध्ये सोयच आहे. खरा दंडुका असतो तो त्या त्या देशाच्या नियामकाकडे. १९९९ पासून आयकाओ सगळ्या सदस्य देशांच्या देखरेख व्यवस्थेची तपासणी करते. त्यात कुणी नापास झालं की इतर देश त्याच्या विमानांकडे संशयाने बघू लागतात. युरोपीय संघ तर २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादीच जाहीर करतो. लाज आणि धंद्याचं नुकसान, या दोन गोष्टींवर ही यंत्रणा बरीचशी चालते. ऐकायला कच्ची वाटते, पण चालते.

विमान कंपन्यांना नियम नकोच असतात ना?

सुरुवातीला उलट होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत कुणीही उठावं, युद्धातलं उरलेलं विमान घ्यावं आणि जत्रेत कसरती दाखवाव्यात, असा प्रकार होता. लोक विमानाला घाबरत, म्हणून तिकीट काढत नसत. सरकारने शिक्का मारल्याशिवाय धंदा वाढणार नाही, हे उद्योगातल्या लोकांनीच ओळखलं. १९२६ चा कायदा त्यांना हवा होता म्हणून आला.

पण त्यातून एक गाठ बसली. विमान वाहतूक वाढवायची आणि तिच्यावर लक्षही ठेवायचं, ही दोन्ही कामं एकाच खात्याच्या गळ्यात पडली. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेवर ही दुहेरी जबाबदारी १९९६ पर्यंत होती. त्या वर्षी ११ मे रोजी व्हॅल्यूजेटचं विमान मालकप्प्यातल्या आगीमुळे फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० जण गेले, आणि मग कायद्यातून ‘वाढवायची’ ही जबाबदारी काढली गेली. सत्तर वर्षं लागली. कायद्यातला शब्द गेला तरी सवय गेली का, ते पुढे बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाच्या वेळी दिसलं.

कॉमेट विमानं चौकोनी खिडक्यांमुळे फुटली, हे खरं का?

अर्धं खरं. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ जण गेले. उड्डाणं थांबवली, संशय येईल त्या साठेक जागी दुरुस्त्या केल्या, आणि खरं कारण न सापडताच २३ मार्चला उड्डाणं पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडलं. आणखी २१ जण.

त्यानंतर इंग्लंडमध्ये फार्नबरोला जे केलं गेलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. एका आख्ख्या कॉमेटभोवती पाण्याची टाकी बांधली. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. विमानाच्या पोटात पाणी दाबाने भरायचं आणि सोडायचं. एकदा भरून सोडलं की एक उड्डाण झालं असं धरायचं. हवा न भरता पाणी का? हवा दाबली की तिच्यात ताकद साठते. धड फाटलं असतं तर स्फोट होऊन पुरावाच उडाला असता. पाणी दबत नाही, त्यामुळे चीर जिथे पडेल तिथे तशीच राहते. ते विमान खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून ३,०५७ फेऱ्यांना फाटलं. धातूही थकतो, आणि कोपऱ्यांशी आधी थकतो, हे त्या चिरेने दाखवलं.

आता खिडक्या. त्या चौकोनी होत्या, पण कोपरे गोलसर होते. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची फाट तर छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या भोकापाशी सुरू झाली होती. तेव्हा ‘चौकोनी खिडकी’ म्हणण्यापेक्षा ‘छिद्राच्या कोपऱ्यावर एकवटलेला ताण’ म्हणावं. पण असं म्हटलं की गोष्ट रंगत नाही, म्हणून खिडकी टिकून आहे.

ब्लॅक बॉक्स काळा का नसतो?

ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून तो भडक नारिंगी असतो. कॉमेटच्याच तपासात सामील असलेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना वाटलं, शेवटच्या मिनिटांत कॉकपिटमध्ये काय बोलणं झालं ते ऐकता आलं असतं तर? त्यांचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातातच गेले होते. त्यांनी यंत्र बनवलं, पण घरच्या मैदानात कुणी उत्साह दाखवला नाही. वैमानिकांच्या संघटनेला तो पाळतीचा प्रकार वाटला. ब्रिटिशांनी मात्र त्यात रस घेतला. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात मके इथे विमान पडून २९ जण गेले, तेव्हा कुठे तिथे कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड करणं सक्तीचं झालं.

हवेत दोन विमानं आदळू नयेत म्हणून काय करतात?

१९५६ पर्यंत अमेरिकेच्या मोठ्या भागात उत्तर होतं: वैमानिकाने खिडकीतून बघायचं. त्या वर्षी ३० जूनला लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन विमानं ग्रँड कॅनियनवर एकमेकांना धडकली. १२८ जण मेले. दोघंही नियमानुसारच उडत होते, हे त्यातलं भयंकर. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, एफएए जन्माला आली आणि रडार, नियंत्रक यांवर पैसा ओतला गेला.

पुढचा टप्पा विमानातल्याच यंत्राचा. टीकॅस नावाची यंत्रणा आसपासच्या विमानांशी बोलून एकाला ‘वर चढ’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतर’ असं सांगते. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे टक्कर झाल्यावर अमेरिकेने ती सक्तीची केली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाकस्तानचं विमान धडकून ३४९ जण गेले. हवेतल्या टकरीतला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यानंतर भारतानेही सक्ती केली.

टीकॅस एक सांगतं आणि नियंत्रक दुसरं, तर ऐकायचं कुणाचं?

टीकॅसचं. नेहमी. पण हे इतकं स्पष्ट व्हायला ७१ जीव जावे लागले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगनवर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांच्या वाटेत आली. नियंत्रण कक्षात एकच माणूस दोन पडदे सांभाळत होता आणि फोनची मुख्य लाइन देखभालीसाठी बंद होती. त्याने रशियन विमानाला उतरायला सांगितलं. त्याच वेळी विमानातलं टीकॅस चढायला सांगत होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचा यंत्राचं ऐकून उतरतच होता.

दीड वर्ष आधी, जानेवारी २००१ मध्ये, जपानच्या आकाशात हुबेहूब असंच घडलं होतं. तिथे विमानं थोडक्यात चुकली. नियम तेव्हाच निःसंदिग्ध करता आला असता.

टेनेरिफच्या अपघातात एका शब्दाने ५८३ बळी घेतले म्हणतात. कोणता शब्द?

टेकऑफ. पण फक्त शब्दाला दोष देणं मला पटत नाही. २७ मार्च १९७७ ला शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटला, म्हणून बरीच विमानं टेनेरिफच्या छोट्या विमानतळावर वळवली होती. जागा नसल्याने विमानं धावपट्टीवरूनच चालवावी लागत होती. त्यात धुकं उतरलं. केएलएमचं जंबो एका टोकाला सज्ज, पॅन ॲमचं जंबो अजून धावपट्टीवरच. केएलएमकडून आपण टेकऑफवर आहोत अशा अर्थाचं वाक्य आलं. नियंत्रकाला वाटलं, ते तयार असल्याचं सांगताहेत. त्याने थांबायला सांगितलं, पण नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमही बोलला आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज घुमला.

तरीही एकाच्या कानावर काहीतरी पडलं होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो पॅन ॲमवाला अजून बाजूला झाला नाही का? कॅप्टन म्हणाला, झालाय की. तो कंपनीतला ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारा. पुन्हा कोण विचारणार?

आता ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. आणि नुसतं ‘ओके’ चालत नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

म्हणजे सहवैमानिक कॅप्टनला अडवू शकतो?

अडवणं हे त्याचं कामच आहे. पण तसं शिकवायची वेळ आली ती पोर्टलंडच्या अपघातामुळे. २८ डिसेंबर १९७८ रोजी तिथे युनायटेडचं विमान चाकांची तक्रार निस्तरत घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय हे सहकारी सुचवत होते, पण आडून, अदबीने. कॅप्टनच्या डोक्यात चाकं. शेवटी इंजिनं बंद पडली आणि विमान वस्तीत उतरलं. १० जण दगावले. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेडने प्रशिक्षण सुरू केलं. आज त्याला सीआरएम म्हणतात: कनिष्ठाने ठामपणे बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं. जुन्या वैमानिकांनी या वर्गांची सुरुवातीला टर उडवली. पण १९८९ मध्ये त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाचे सगळे हायड्रॉलिक मार्ग तुटले, तेव्हा चौघांनी मिळून नुसत्या इंजिनांच्या जोरावर ते सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टनने श्रेय या प्रशिक्षणाला दिलं.

अपघाताच्या तपासात दोषी कोण ते का सांगत नाहीत?

कारण तो तपासाचा उद्देशच नाही. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय की तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नव्हे. पोलीस आणि न्यायालयं आपलं काम वेगळं करतात. नातेवाइकांना हे क्रूर वाटतं, आणि त्यांचा राग मला समजतो. पण शिक्षेच्या भीतीने माणूस तोंड मिटून घेतो.

उदाहरण बघा. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण मेले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावण्यात गोंधळ झाला होता. सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच जागी, त्याच गोंधळामुळे, आपटता आपटता वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. फक्त आपल्या.

म्हणून १९७६ मध्ये अमेरिकेत चुका कळवायची एक योजना निघाली. नजरचुकीने झालेली चूक दहा दिवसांत स्वतः कळवली तर दंडातून सूट, नावही गुप्त. आणि हे अर्ज एफएएकडे जात नाहीत, नासाकडे जातात. जो दंड करतो त्याच्याकडे कबुलीजबाब द्यायला कोण जाईल? इतका साधा विचार, पण माझ्या मते रडारइतकाच मोलाचा.

इशारा मिळूनही नियामक गप्प बसला, असं खरंच घडलंय?

घडलंय, आणि एकदाच नाही.

१२ जून १९७२ ला डीसी-१० विमानाचा मागचा मालदरवाजा कॅनडात विंडसरवर उडताना निखळला. दरवाजा गेल्यावर खालच्या कप्प्यातली हवा निघून गेली, वर प्रवाशांच्या भागातला दाब तसाच होता, त्यामुळे मधली जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारांना इजा झाली. वैमानिकांच्या कौशल्याने सगळे वाचले. एफएएला सक्तीचा दुरुस्ती आदेश काढता आला असता. तो न काढता निर्मात्या कंपनीशी तोंडी समझोता झाला. त्याच महिन्यात धड बांधणाऱ्या कंपनीतल्या डॅन ॲपलगेट या अभियंत्याने वरिष्ठांना लेखी कळवलं की हा दरवाजा पुन्हा उघडणार आणि तेव्हा बहुधा विमान हातचं जाणार. ते पत्र कंपनीतच राहिलं.

३ मार्च १९७४ ला टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसजवळच्या जंगलात पडलं. ३४६ जण गेले. कागदोपत्री दरवाजाची दुरुस्ती झालेली होती, प्रत्यक्षात पुरी झालेली नव्हती. दरवाजा लावणाऱ्या कामगाराला तीन भाषा लिहिता-वाचता येत होत्या. दारावरची सूचना मात्र इंग्रजीत आणि तुर्कीत होती, नेमक्या त्याला न येणाऱ्या.

आता २०१८. बोइंग ७३७ मॅक्समध्ये एमकॅस नावाची प्रणाली होती. ती एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक खाली दाबायची, आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा पत्ताच नव्हता. ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान गेलं, १८९ बळी. विमानं उडतच राहिली. १० मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं, १५७ बळी. बेरीज करून बघा: ३४६. आकडा योगायोगाचा आहे, बाकीचं फारसं नाही. तपासणीचं बरंचसं काम नियामकाने कंपनीच्याच माणसांवर सोपवलं होतं. यावेळी चीनने विमानं आधी थांबवली, एफएएने दोन दिवसांनी. २०२० मध्ये अमेरिकेने प्रमाणपत्राचा कायदा कडक केला.

उतरताना खिडकीची झडप वर का करायला लावतात?

बाहेर आग कुठल्या बाजूला आहे ते दार उघडण्याआधी दिसावं म्हणून. दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. जमिनीलगतची दिव्यांची पट्टी १९८३ च्या एअर कॅनडाच्या आगीनंतर आली. विमान उतरलं होतं, तरी धुरात वाट न दिसून ४६ पैकी २३ जण आतच राहिले.

९० सेकंदांत विमान रिकामं होतं, हे खऱ्या आयुष्यात शक्य आहे का?

ती प्रमाणपत्रासाठीची चाचणी आहे: पूर्ण भरलेलं विमान, अंधार, अर्धीच दारं उघडी. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आठांपैकी तीनच दारं वापरता आली, आतली ध्वनियंत्रणा बंद पडली, कर्मचारी भोंग्यावरून ओरडत होते. शेवटचा माणूस बाहेर पडायला जवळजवळ १८ मिनिटं लागली. सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर आले. बॅगा त्यांनी वरच राहू दिल्या होत्या. तटरक्षक विमानातले पाच जण मात्र गेले.

धूम्रपानाला बंदी आहे, मग विमानाच्या शौचालयापाशी ॲशट्रे कशाला?

मला सगळ्यात आवडणारा नियम हा. ११ जुलै १९७३ रोजी व्हॅरिग कंपनीचं विमान पॅरिसजवळ आगीने भरलं आणि १२३ जण गेले. शौचालयातल्या कचऱ्याच्या डब्यात पडलेलं पेटतं थोटूक, हा मुख्य संशय. बंदी असूनही कुणीतरी लपून सिगरेट ओढणारच, आणि पकडला जाईन या धास्तीने तो ती कागदांच्या डब्यात टाकणार, हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं. म्हणून दाराशी ॲशट्रे सक्तीचा. अगदी नव्या कोऱ्या विमानातही तो असतो, आणि मोडला तर ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो. सिगरेट ओढल्याबद्दल दंड होतो तो वेगळा.